पावटे संपेपर्यंतची गोष्ट

आनेकलच्या बसस्टँडसमोर अवरेकाईच्या गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या आहेत. परवा कामावरून परतताना बसमधून उतरलो आणि शेंगा दिसायच्या आधी वास आला. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच. पण इथल्या दवात भिजलेल्या शेंगांना एक तेलकट, उग्र, तरीही हवाहवासा वास असतो. इथले लोक त्याला सोगडु म्हणतात. तो बोटांना चिकटतो आणि साबणाने हात धुतले तरी जेवताना पुन्हा येतो. बेंगळुरूकडचा हिवाळा स्वेटरवरून कळत नाही, कारण इथले लोक बारा महिने स्वेटर घालतात. तो या वासावरून कळतो.

मागच्या हिवाळ्यात मी या गाड्यांसमोरून मान खाली घालून निघून गेलो होतो. यंदा थांबलो.

"एक किलो? सार, सोलल्यावर मूठभर होईल," गाडीवाला म्हणाला. "घरात माणसं किती?"

मी पिशवी पुढे केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, एक किलो तोलला आणि वर ओंजळभर शेंगा उगाचच टाकल्या.

आमचं घर बेळगावकडच्या खानापूरचं. वडील, म्हणजे आमचे अप्पा, कौलांच्या कारखान्यात भट्टीवर होते. भट्टी उघडली की निघालेलं एकेक कौल उचलून ते नखाने वाजवत. नीट भाजलेलं कौल खणखणीत बोलतं. कच्चं राहिलेलं किंवा आतून तडा गेलेलं बद्द वाजतं. अप्पांना घरातही ती सवय होती. कलिंगड, माठ, नवं ताट, सगळं ते वाजवून बघत. मी इंजिनिअर झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि पदवीचा कागद त्यांच्या हातात दिला, तेव्हा तोही त्यांनी उलटासुलटा करून नखाने टक्‌ टक्‌ वाजवला. आई म्हणाली, "अहो, कागद हाय तो." अप्पा म्हणाले, "बोलतोय की!" आणि मग पाठ फिरवून बराच वेळ चूल फुंकत बसले. चूल पेटलेलीच होती.

थंडीत पावट्यांचे दिवस आले की आमच्या घरात दिवेलागणीनंतर एकच उद्योग असायचा. भिजवलेल्या पावट्यांचं पातेलं मधे ठेवायचं आणि चौघांनी चार बाजूंनी बसायचं. दाणा चिमटीत धरून दाबला की साल बोटांत राहतं आणि आतली गुळगुळीत डाळिंबी टप्पकन ताटात पडते. काम सोपं, पण कंटाळवाणं. म्हणून अप्पा गोष्ट सांगत. नियम दोनच. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, आणि पावटे संपले की गोष्ट थांबणार. मग राजा फासावर का चढत असेना, अप्पा हात झटकून उठत. "उरलेली उद्या."

हुंकाराच्या बाबतीत ते फार कडक होते. मी आणि माझी थोरली बहीण शकू ऐकण्यात गुंगून गप्प झालो, की तेही गप्प होत. "काय रे, मी काय भिंतीला सांगालोय?" मग आम्ही दोघं घाईघाईने हूं हूं हूं करायचो. शकू हुशार होती. ती मूठभर पावटे परकराखाली लपवून ठेवायची आणि गोष्ट ऐन रंगात आली, पातेल्याचा तळ दिसला, की हळूच बाहेर काढायची. "अप्पा, हे बघा, अजून हैत!" आईला ते ठाऊक असायचं. अप्पांनाही असणार.

दोन हिवाळ्यांपूर्वी, दिवाळी आटोपून मी इकडे परतलो आणि मागोमाग अप्पांना अर्धांगाचा झटका आला. धावत गेलो. दवाखाना झाला, घरी आणलं, रजा संपली. डावा हात हलत होता, उजवा नाही. वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, त्यांना ऐकू येतं, कळतंही सगळं. तुम्ही बोलत राहा. उत्तराची वाट बघू नका, पण बोलणं सोडू नका.

परत येऊन बेंगळुरूत यशवंतपूरला गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर हमालांची, टॅक्सीवाल्यांची, कॉफीवाल्यांची एवढी बडबड चालली होती, की मला वाटलं, या एवढ्या शब्दांतले चार कोणी पिशवीत भरून खानापूरला पाठवले तर काय बिघडेल.

रोज संध्याकाळी फोन करायचं ठरवलं. आई फोन अप्पांच्या कानाला लावायची. "अप्पा, जेवलात काय? औषध घेतलं? पाय दुखतोय काय?" एवढं झालं की माझं बोलणं संपायचं. पलीकडे त्यांचा श्वास तेवढा ऐकू यायचा. मी कारखान्यातलं काही सांगायला लागे आणि दोन वाक्यांत अडखळे. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आजही खुपते. आयुष्यभर ते सांगत आले होते आणि मी हूं म्हणत आलो होतो. सांगायचं कसं, ते मी शिकलोच नव्हतो.

त्याच दिवसांत आमच्या कारखान्यात जपानी भाषेचा वर्ग सुरू झाला होता. कारखान्याची भागीदारी जपानी कंपनीशी, म्हणून आम्हा काही जणांना पाळी संपल्यावर तासभर बसवत. शिकवायला मालिनी मॅडम होत्या. बेंगळुरूच्याच, पण बरीच वर्षं जपानात राहून आलेल्या. आम्हाला वाटलं होतं, पत्रं, मोजमापं, यंत्रांची नावं शिकवतील. त्यांनी पहिल्याच दिवशी लहान मुलांच्या परीकथा वाटल्या.

माझ्या शेजारी बसणारा गिरीश म्हणाला, "मॅडम, मीटिंगमध्ये पाहुण्यांना परीकथा सांगू काय?"

"सांग ना," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या तक्त्यांपेक्षा बरी. निदान ते जागे राहतील."

एकदा त्यांनी आम्हाला जोडीजोडीने बसवलं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. आम्ही शाळेत शिकलो होतो तसे हाताची घडी घालून गप्प ऐकत बसलो. मॅडम हसल्या. म्हणाल्या, जपानी माणसासमोर असं बसू नका. तिकडे ऐकणारा सारखा काहीतरी आवाज करत असतो. नाहीतर बोलणाऱ्याला वाटतं, समोर कोणी नाहीच. वर्गातले सगळे गमतीने आवाज काढू लागले. मी मात्र पावट्यांच्या पातेल्यापाशी जाऊन पोचलो होतो.

त्या संध्याकाळी खोलीवर येताना मी अवरेकाई घेतली. का घेतली, सांगता येणार नाही. मला धड भाजी करता येत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी भिजवलेले दाणे पुढ्यात घेतले, फोन स्पीकरवर टाकला, पहिला दाणा दाबला आणि तोंडातून आपोआप शब्द आले, "अप्पा, एका गावात एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत होती."

या जपानी गोष्टी जवळजवळ अशाच सुरू होतात. फार फार पूर्वी, कुठल्याशा गावी, एक म्हातारा आणि एक म्हातारी. बहुधा त्यांना मूल नसतं. म्हातारा डोंगरावर लाकडं तोडायला जातो, म्हातारी नदीवर धुणं धुवायला. मग नदीतून एक भलंमोठं फळ वाहत येतं आणि त्यातून मुलगा निघतो. किंवा म्हातारा बांबू तोडतो आणि त्याच्या पेरात बोटाएवढी मुलगी उजेडासारखी बसलेली असते. एकट्या म्हातारा-म्हातारीकडे कुठून तरी मूल येतं आणि तिथून गोष्ट सुरू होते. पहिल्यांदा वाचताना मला ते गोड वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. आमच्या घरी उलटं झालं होतं. मूल होतं, ते वाढलं, शिकलं आणि नदीच्या वरच्या अंगाला निघून गेलं. उरली ती म्हातारा-म्हातारी.

तरी गोष्टी मिळत गेल्या. सुरुवातीला मी वाचलेलं जसंच्या तसं सांगायचो. पण बर्फ म्हणजे काय हे अप्पांना कसं सांगणार? एका गोष्टीत म्हातारा बाजारात गवताच्या टोप्या विकायला जातो. एकही विकली जात नाही. परत येताना रस्त्याकडेला दगडी देवांच्या ओळीवर बर्फ पडत असतो, म्हणून तो सगळ्या टोप्या त्यांच्या डोक्यांवर घालून रिकाम्या हाताने घरी येतो. म्हातारी रागावत नाही. बरं केलंत, म्हणते. त्या रात्री ते दगडी देव चालत येतात आणि दारात धान्य ठेवून जातात. मी बर्फाऐवजी आमच्या खानापूरचा पाऊस घातला आणि टोप्यांऐवजी इरली. आमच्याकडे शेतात लावणीच्या वेळी बायका डोक्यावरून पाठीपर्यंत घेतात ती, बांबूची आणि पानांची. दगडी देव तर आमच्या वेशीवर आहेतच. इरली पांघरून ते चिखलातून एकामागून एक चालत येतात, असं सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

फोनमध्ये श्वास. बाकी काही नाही.

"ऐकालेत की रे," आई म्हणायची. "डोळे उघडे हैत. तू सांग."

दुसऱ्या एका गोष्टीत जखमी पक्ष्याला कोणी वाचवतं आणि तो पक्षी बाई होऊन त्याच्या घरी नांदायला येतो. ती बंद दाराआड बसून असं कापड विणते, की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. अट एकच, विणताना बघायचं नाही. नवरा बघतो. आत पक्षी स्वतःची पिसं उपटून मागात घालत असतो. ही गोष्ट कशी वळवायची म्हणून एका रविवारी मी चिकपेटात उगाच हिंडलो. गल्लीगल्लीत साड्यांचे ढीग, गिऱ्हाइकांची रेटारेटी. एका दुकानात पांढरी, चंदेरी काठाची साडी उलगडून ठेवली होती. मी बोटाने काठ चाचपून बघत राहिलो. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी? आईला, बायकोला?" मी म्हणालो, गोष्टीसाठी. त्याने साडी घडी घालून ठेवून दिली.

पण त्या सबंध गर्दीत, मला वाटतं, त्या महिन्यांतला तोच दिवस होता जेव्हा मी एकटा नव्हतो. माझ्याबरोबर पिसं उपटणारी ती बाई होती. गोष्ट शोधत फिरणाऱ्या माणसाचं असं होतं. जग त्याच्याशी बोलत नाही, पण दिसायला लागतं. ही साडी कोणी विणली, हा दगड इथे कधीपासून उभा आहे, या गोष्टी दिसू लागतात. आणि संध्याकाळी ते सगळं नेऊन एका न बोलणाऱ्या माणसापुढे ठेवायचं.

मग ती कासवाची गोष्ट आली.

एक कोळी मुलांच्या तावडीतून कासव सोडवतो. कासव त्याला पाठीवर बसवून समुद्राखालच्या महालात नेतं. तिथली राजकन्या त्याचं स्वागत करते. काही दिवस मजेत जातात. मग त्याला आईवडिलांची आठवण येते. राजकन्या निरोप देताना एक डबी देते आणि सांगते, कधी उघडू नकोस. तो किनाऱ्यावर येतो तर गाव तेच, पण माणसं निराळी. आईवडिलांचं नावही कोणाला माहीत नाही. खाली काही दिवस गेले होते, वर शेकडो वर्षं गेली होती. तो डबी उघडतो. आतून पांढरा धूर निघतो आणि तो क्षणात म्हातारा होतो. संपलं.

वर्गात वाचून झाल्यावर सगळ्यांनी पुस्तकं मिटली. मग गिरीश म्हणाला, "म्हणजे परदेशात ऑनसाइटला गेला आणि परत आला." सगळे हसले, मॅडमसुद्धा. मला हसू येईना.

ही गोष्ट अप्पांना सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. पण त्या संध्याकाळी डोक्यात दुसरी कुठलीच येईना. मी समुद्राची आमची मलप्रभा नदी केली. कोळी खानापूरचा, कासव डोहातलं, महाल डोहाच्या तळाशी. तिथे दिवसरात्र दिवे जळत. उंच उंच काचेची घरं होती. लोक एकमेकांना ओळखत नसले तरी हसत. तिथे सगळं होतं, फक्त घरातल्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. मी सांगत होतो आणि दाणे ताटात पडत होते. कोळी परत आला. काठावर एक बाई घागर भरत होती. त्याने विचारलं, "बाई, इथे कौलांच्या भट्टीवरचे अप्पा राहायचे. त्यांचं घर कुठलं?"

इथे माझा आवाज बंद झाला. बाई काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. असं कोणी इथे राहत नाही. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. खाली घरमालकिणीच्या अंगणात कोणीतरी बादली ठेवली, त्याचा आवाज आला. फोनमध्ये श्वास येत होता, जात होता.

आणि मग, "हूं."

घोगरा, अर्धा, डोहाच्या तळातून वर यावा तसा. पण हुंकारच.

"अगं बाई!" आई ओरडली. "ऐकलास काय रे? ऐकलास काय?"

ऐकलं होतं. मी ताटाकडे पाहिलं. पातेल्यात चारदोन दाणे उरले होते. ते मी मुठीत घेतले. "अप्पा," मी म्हणालो, "पावटे संपले. उरलेली उद्या."

पलीकडून घशातल्या घशात एक आवाज आला. आई म्हणाली, "हसालेत रे."

त्यानंतर प्रत्येक गोष्टीला हुंकार आला. कधी चुकीच्या जागी, कधी उशिरा, पण यायचा. शब्द मात्र एकही आला नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं आलं हेच खूप. कासवाच्या गोष्टीचा शेवट मी सांगितला नाही. आई सांगायची, फोन आला की ते डाव्या हाताने नदीकडच्या खिडकीकडे बोट करतात. म्हणजे त्या कोळ्याचं काय झालं? मी म्हणायचो, "अप्पा, पावटे संपले." आणि पुन्हा तो घशातला आवाज यायचा. आमचा तो खेळच झाला. मूठभर पावटे मी परकराखाली लपवून ठेवले होते आणि ते त्यांना ठाऊक होतं. मोसम संपला, शेंगा जून झाल्या, गाड्या गेल्या. गोष्टी चालू राहिल्या. आषाढात अप्पा गेले.

काठावर उभा राहिलेला तो माणूस तसाच उभा राहिला, हातात डबी घेऊन.

यंदाच्या शेंगा मी शनिवारी सोलून भिजत घातल्या. रविवारी सकाळी पातेलं घेऊन जिन्याच्या पायरीवर उन्हात बसलो. खालच्या मजल्यावर घरमालकीण जयम्मा राहतात. मी त्यांना अक्का म्हणतो, त्या मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. बाहेर आल्या, पातेल्यात डोकावल्या.

"एवढेच?"

"एकट्याला पुरे अक्का."

त्यांनी घरातून आपल्या भिजवलेल्या पावट्यांचं पातेलं आणलं. चांगलं मोठं होतं. माझे पावटे त्यात ओतून टाकले आणि शेजारी बसल्या. बराच वेळ आम्ही नुसते दाणे दाबत होतो. माझ्या अंगठ्याचं नख काळपट झालं होतं. अप्पांचं या दिवसांत असंच व्हायचं. तसाच रुंद अंगठा, तसंच बाजूला कललेलं पेर. माझा हात त्यांच्यासारखा कधी झाला, ते मला कळलंच नव्हतं.

"काय पुटपुटतोस तम्मा?" अक्का म्हणाल्या. "मंत्र?"

माझे ओठ हलत होते तर. "नाही अक्का. गोष्ट आहे."

"मग मोठ्याने बोल की. मंत्र पुटपुटायचा. गोष्ट सांगायची."

मी कन्नडमध्ये सांगायला लागलो. माझं कन्नड बेळगावकडचं, शब्दाशब्दाला त्या हसत होत्या. "कासवाला असं म्हणतात होय तुमच्याकडे?" पण दोन वाक्यांनंतर त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "हूं."

मी थबकलो. त्यांनी वर पाहिलं. त्यांच्याकडेही ऐकणाऱ्याने असंच करायचं असतं, त्यात थांबण्यासारखं काही नव्हतं. लहानपणी आजोबांच्या गोष्टीला हूं म्हटलं नाही तर डोक्यात टपली बसायची, असं म्हणाल्या.

डोह झाला, काचेचा महाल झाला, निरोप झाला. कोळी काठावर आला. बाई घागर भरत होती. त्याने विचारलं, "अप्पांचं घर कुठलं?"

मी थांबलो.

"हूं," अक्का म्हणाल्या. मग पुन्हा, "हूं?" मग, "आमेले? पुढे काय?"

मी पातेल्याकडे पाहिलं. अर्धंअधिक भरलेलं होतं. थांबायला काही निमित्त नव्हतं.

मग मी सांगितलं. बाई म्हणाली, मी तुला ओळखत नाही. कोणीच ओळखेना. तेव्हा त्याने डबी उघडली. पांढरा धूर निघाला, भट्टी उघडल्यावर निघतो तसा. त्याचे केस पिकले, गाल बसले, पाठ वाकली, अंगठा रुंद झाला. तो पाणी प्यायला नदीत वाकला, तर पाण्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसलाच नाही. अप्पांचा दिसला. त्याने मान वर केली. बाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि घागर खाली ठेवली.

"अगं बाई," ती म्हणाली, "तू तर अप्पांचा मुलगा! मग आधी का नाही बोललास? चल, घर दाखवते."

अक्कांनी हातातला दाणा ताटात टाकला.

"हूं," त्या म्हणाल्या.

पातेल्यात अजून पावटे होते.